फोन बदलायचा आहे? आधी जुन्याचं दुखणं सांगा

या वेळी आलेल्या पत्रांत फोनचेच प्रश्न जास्त आहेत. बहुतेकांनी दोन-तीन मॉडेलांची नावं लिहून ‘यातला कुठला घेऊ’ एवढंच विचारलंय. सध्याचा फोन कुठला आहे, त्याला नेमकं झालंय काय, हे लिहायचंच राहून गेलंय. ज्यांनी ते लिहिलं, त्यांच्या पत्रांना इथे सविस्तर उत्तरं देता आली.

प्र. माझ्याकडे आयफोन १३ आहे. बॅटरी हेल्थ ७८ टक्के दाखवतो. दुपारी चारलाच चार्जर शोधावा लागतो. बाकी काही तक्रार नाही, पण मुलगा म्हणतो, बाबा आता नवा घ्या. घ्यावा का? (ताराबाई पार्क)

नको. तुम्हाला बॅटरी हवी आहे, फोन नव्हे.

आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर यावी, अशा हिशोबाने बनवलेली आहे. आयफोन १५ पासून हाच आकडा १,००० चार्जचा झाला. २०२१ चा फोन रोज वापरून ७८ वर आला, तर तो खराब झालेला नाही, त्याचं वय झालंय. क्षमता घटली की बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. मग कॅमेरा उघडताना किंवा थंडीत एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं आणि २० टक्के शिल्लक दिसत असतानाही फोन बंद पडतो. तसं एकदा झालं की फोन स्वतःच प्रोसेसरचा वेग आवरता घेतो. ‘फोन स्लो झालाय’ ही तक्रार बरेचदा इथून येते आणि नव्या बॅटरीने ती जाते. आयओएस २६ तुमच्या मॉडेलला मिळालंय, म्हणजे सॉफ्टवेअरच्या बाजूनेही घाई नाही.

बॅटरी अधिकृत केंद्रातच बदला. बाहेर स्वस्तात बसवली तर सेटिंगमध्ये ‘अनोळखी भाग’ असा संदेश येतो आणि हेल्थच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे स्क्रीन उघडल्यावर कडेची चिकटपट्टी नवी घातली नाही, तर पाण्यापासूनचं संरक्षण गेलं. ते जुलैच्या पावसात कळतं, तोवर पावती सापडत नाही. आणि स्क्रीन कडेने वर उचलल्यासारखी दिसली तर बॅटरी फुगली आहे. मग फोन चार्जिंगला लावू नका, त्याच दिवशी केंद्रात न्या.

प्र. बजेट ५० हजारांच्या आसपास. गॅलेक्सी एस२४, पिक्सेल ९ए आणि आयफोन १६ई यात अडकलोय. सध्याचा फोन २०२१ चा मध्यम किमतीचा अँड्रॉइड आहे, १२८ जीबी भरून गेलेत, सुरक्षा अपडेट बंद झालेत. बँकेत नोकरी आहे. मुलगा फुटबॉल खेळतो, शाहू स्टेडियमवरच्या त्याच्या सामन्यांचे फोटो चांगले यावेत असं वाटतं. (शाहूपुरी)

पत्र असं असावं. तुमची दुखणी तीन: जागा, अपडेट आणि लांबचा फोटो. पहिली दोन तिन्ही फोन भागवतात, म्हणून निकाल तिसऱ्यावर लागणार.

स्टँडमधून मैदानातला खेळाडू टिपायला खरी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स लागते. या तिघांत ती फक्त एस२४ मध्ये आहे, ३ पट, १० मेगापिक्सेलची. पिक्सेल ९ए मध्ये ४८ मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा आणि १३ चा अल्ट्रावाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारा. आयफोन १६ई मध्ये ४८ चा एकच कॅमेरा, अल्ट्रावाइडही नाही. हे दोघे झूम करतात तेव्हा मुख्य कॅमेऱ्याच्या चित्राचा मधला भाग कापून घेतात. २ पटीपर्यंत ते चालून जातं, पुढे चेहरे मेणाचे दिसायला लागतात.

पण एस२४ कडूनही चमत्काराची अपेक्षा नको. ३ पट म्हणजे पलीकडच्या गोलपोस्टजवळचा खेळाडू तरीही चित्रात लहानच येणार. शिवाय ऊन उतरलं की टेलिफोटोच्या छोट्या सेन्सरला प्रकाश पुरत नाही. अशा वेळी फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर जातो आणि स्क्रीनवर मात्र ‘३’ दाखवत राहतो. हे ओळखायची सोपी युक्ती आहे. ३ पट निवडा आणि मागच्या टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. चित्र काळं झालं नाही तर फोन दुसऱ्याच कॅमेऱ्यातून बघतोय. दुकानात ही चाचणी कोपऱ्यातल्या अंधाऱ्या शेल्फसमोर जरूर करा.

आणखी एक. धावत्या माणसाचा फोटो धारदार येणं हे झूमवर नाही, शटरच्या वेगावर ठरतं. या बाबतीत पिक्सेल सरस आहे, एस२४ वर धूसर फ्रेम जास्त निघतात. त्यामुळे एस२४ घेतलात तर सामना व्हिडिओत घ्या किंवा प्रो मोडमध्ये शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. उन्हात हे सहज जमतं, साडेपाचनंतर नाही.

आता बाकीचं. एस२४ चं वजन १६७ ग्रॅम, स्क्रीन ६.२ इंच, बॅटरी ४,००० एमएएच. हातात छान बसतो, पण बँकेच्या दिवसाला त्याची बॅटरी जेमतेम पुरते, आणि मार्च अखेरीला तर नाहीच. पिक्सेल ९ए १८६ ग्रॅमच्या आसपास, बॅटरी ५,१०० ची. हा फरक रोज जाणवतो. मात्र पिक्सेल ९ए मध्ये बॅटरीची काळजी घेणारी एक सोय सक्तीची आहे. २०० चार्जनंतर फोन स्वतःच बॅटरीचं कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने कमी करतो, ते १,००० चार्जपर्यंत चालतं आणि बंद करता येत नाही. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ५,१०० हा आकडा कागदावरच राहतो. बॅटरी सुरक्षित राहते हे खरं, पण घेताना माहीत असावं.

आयफोन १६ई चा ए१८ प्रोसेसर या तिघांत सर्वात दमदार आहे आणि व्हिडिओही उत्तम. पण स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारी. १२० हर्ट्झच्या स्क्रीनची सवय झालेल्या डोळ्यांना यादी सरकवताना झटके जाणवतात. भारतात तो ५९,९०० ला आला, तेव्हा तुमच्या आकड्यात बसवायला ऑफर शोधावी लागेल. घरात बाकी सगळे आयफोन असतील तरच त्याच्या मागे लागा.

जागेबद्दल: तिघांपैकी एकातही मेमरी कार्ड बसत नाही. तुमचे १२८ भरलेत, तर २५६ खाली उतरू नका. पिक्सेल ९ए भारतात २५६ जीबीतच ४९,९९९ ला आला. एस२४ च्या १२८ जीबीत जुनी यूएफएस ३.१ मेमरी आहे, २५६ पासून वेगवान ४.० मिळते. म्हणजे तिथे मोठी जागा घेताना वेगही मिळतो. प्रोसेसरही पाहून घ्या. २०२४ मध्ये भारतात आलेला एस२४ एक्सिनॉस २४०० चा होता, नंतर ऑनलाइन स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ चाही विक्रीला आला. दोन्हींचं रूपडं एकच. मागवताना यादीत प्रोसेसरचं नाव वाचा आणि फोन आल्यावर पुन्हा पडताळा. दर सारखा असेल तर स्नॅपड्रॅगन घ्या, तो कमी तापतो.

आता पैशाचा हिशोब, जो दुकानात कोणी मांडत नाही. अपडेटची वर्षं तुम्ही फोन घेतला त्या दिवसापासून मोजत नाहीत, फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात. एस२४ आणि पिक्सेल ९ए दोघांनाही ७ वर्षांचा शब्द आहे. पण एस२४ जानेवारी २०२४ चा, म्हणजे जानेवारी २०३१ पर्यंत. पिक्सेल ९ए एप्रिल २०२५ चा, म्हणजे एप्रिल २०३२ पर्यंत. धरून चला की दोन्ही जानेवारी २०२६ मध्ये ४५ हजारांना घेतले. एस२४ ला ५ वर्षं उरली, वर्षाला ९,००० रुपये. पिक्सेलला सव्वासहा वर्षं, वर्षाला ७,२००. तेव्हाच २५ हजारांचा एखादा फोन घेतला आणि त्याला तीनच वर्षं उरली असतील, तर तो पडला वर्षाला ८,३०० च्या वर. स्वस्त फोन नेहमी स्वस्त पडत नाही. बँकवाल्यांना हे मी सांगायला नको. या हिशोबात मध्ये एकदा बॅटरी बदलायचा खर्च धरा, आणि चार्जरचा दीड-दोन हजार. तिन्ही फोनांच्या खोक्यात फक्त केबल येते. जुन्या फोनचा ३३ किंवा ६५ वॅटचा चार्जर बहुधा त्या कंपनीच्याच पद्धतीचा असतो, नव्या फोनला तो हळूहळूच भरेल. सॅमसंगला २५ वॅट हवे असतील तर चार्जरवर ‘पीडी’ आणि ‘पीपीएस’ दोन्ही लिहिलेलं पाहिजे.

आणि घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून अधिकृत सेवा केंद्र कुठे आहे ते बघा. शहरात असेल तर दुरुस्ती संध्याकाळपर्यंत होऊ शकते. नसेल तर फोन कुरिअरने जाणार किंवा तुम्ही तो घेऊन पुण्याला जाणार. तेवढे दिवस यूपीआय आणि बँकेचे ओटीपी कशावर घ्यायचे, तेही आधी ठरवा.

मत विचाराल तर सामन्यांसाठी २५६ जीबीचा एस२४. पण त्याची किंमत पिक्सेलपेक्षा पाच हजारांहून जास्त होत असेल, तर पिक्सेल घ्या आणि स्टँडमधून खाली उतरून कुंपणाजवळ उभे राहा. पुढे गेलेली दहा पावलं ३ पट लेन्सपेक्षा जास्त काम करतात.

प्र. फौंड्रीत सुपरवायझर आहे. वर्षभरात दोन फोनांचे स्पीकर गेले. जाळीवर लोखंडाची बारीक पूड चिकटून बसते, निघता निघत नाही. आता आयपी६८ वाला घ्यायचा विचार आहे. टिकंल काय? (गोकुळ शिरगाव)

आत पूड जाणार नाही, बाहेर मात्र चिकटणारच. आयपी६८ मधला ६ धुळीचा, ८ पाण्याचा. ६ म्हणजे धूळ फोनच्या पोटात शिरत नाही. पण स्पीकर, कानाजवळचा इअरपीस आणि कॅमेऱ्यातली थरथर आवरणारी यंत्रणा या सगळ्यांत चुंबक असतात, आणि तुमच्या शॉपमधली पूड लोखंडाची. चुंबक ती जाळीवर ओढून घेतो, घाम आणि तेलाने तिथेच ती गंजते आणि थर घट्ट होतो. आवाज आधी बारीक होतो, मग चिरका.

अशा जागी फोन निवडताना तीन गोष्टी. पाठीत चुंबकाची कडी असलेला फोन नको, आणि चुंबकवालं कव्हर तर मुळीच नको, नाहीतर अख्खी पाठच पूड गोळा करते. स्पीकर खालच्या कडेला एकाच बाजूला असेल तर बरं, तेवढीच जागा झाकावी लागते. आणि स्क्रीन हातमोज्यातून चालली पाहिजे. काही फोनांत ‘टच सेन्सिटिव्हिटी’ वाढवायचं बटण असतं, दुकानात हातमोजा घालूनच बघा.

साफ करताना शॉपमधला कॉम्प्रेसर फोनवर मारू नका. हे सगळेच करतात, आणि स्पीकर बहुतेक इथेच जातात. लाईनमधला दाब ६ ते ८ बारचा असतो. जाळीमागे पाणी अडवणारा पातळ पडदा असतो, तो फाटतो आणि पूड सरळ आत जाते. त्याऐवजी कोरा, मऊ टूथब्रश जाळीवर आडवा फिरवा, मग भिंतीवर कागद चिकटवायची पुटी येते ती हलकेच दाबून उचला. पूड तिच्यासोबत येते. टाचणी खुपसू नका. शिफ्ट चालू असताना टाइप-सी पोर्टला रबरी बूच लावा. पोर्टमध्ये लोखंड गेलं तर पिना आपसात जुळतात, फोन ‘ओलावा आहे’ असं सांगून चार्जिंग नाकारतो आणि माणूस उगाच फोन वाळवत बसतो.

भट्टीजवळचा ताप वेगळाच. ॲपलने आयफोनसाठी वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलंय, बाकीचेही त्याच आसपास आहेत. वरच्या खिशात ठेवून ओतकामाजवळ उभं राहिलं की चार्जिंग थांबणं, स्क्रीन मंद होणं हे फोन स्वतःला वाचवतोय म्हणून होतं. तिथे ५० हजारांचा फोन नेण्यात अर्थ नाही. शॉपसाठी आयपी रेटिंगचा, जाड कव्हरातला १५-२० हजारांचा फोन वेगळा ठेवा.

प्र. शाळा गगनबावड्याच्या बाजूला आहे. नवा ५जी घेतला तर रेंज येईल का? दुकानदार म्हणतो, येणारच. (एक शिक्षिका)

मॅडम, ५जी लिहिल्याने रेंज येत नाही. टॉवर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतोय आणि तुमचा फोन ती ऐकतो का, एवढंच बघायचं. डोंगराआड कमी फ्रिक्वेन्सी लांब पोचते. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे बँड २८ आणि बँड १. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर आहे (बँड ५, ३, ४०) आणि त्यांचं ७०० वरचं ५जी एन२८ या नावाने. एअरटेलचा लांबचा बँड ९०० चा, म्हणजे ८. कंपनीच्या पानावर ‘नेटवर्क’खाली ही यादी असते, त्यात २८, ५ आणि ८ आहेत का ते बघा. बीएसएनएलचं सिम असेल तर आणखी एक गोष्ट विचारा: त्या मॉडेलवर बीएसएनएलचं व्हीओएलटीई (४जीवरूनच कॉल करायची सोय) चालू आहे का. बँड असला तरी कंपनीने सॉफ्टवेअरमध्ये ते सुरू केलेलं नसेल, तर कॉल आल्यावर नेट तुटतं आणि तो २जीवर जातो.

घेण्याआधी शक्य असेल तर शाळेतल्या कोणाचा तरी तोच फोन मागून घ्या आणि तुमचं सिम त्यात घाला. वर्गात त्याच बाकावर दोन्ही फोन आलटून पालटून ठेवा. सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे सिग्नलचा आकडा उणे डीबीएममध्ये येतो. काड्या बघू नका, त्या प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने दाखवते. ४जीत उणे ९० च्या आत असेल तर उत्तम, उणे १०० ला काम होतं, ११० च्या पुढे कॉल तुटक आणि १२० ला संपलंच. सिम घातल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून वाचा. दोन फोनांत ५-६ डीबीएमचा फरक स्थिर दिसला तर तो खरा. घरी फायबर असेल तर वायफायवरून कॉल करायची सोय फोन आणि सिमकंपनी दोन्हीकडे चालू आहे का, तेही विचारून घ्या. डोंगरातल्या घराला ती नव्या टॉवरइतकीच उपयोगी पडते.

प्र. चप्पलचं दुकान आहे, ऑनलाइन ऑर्डर घेतो. फोटोत चामडं लालसर दिसतं, गिऱ्हाईक म्हणतं रंग वेगळाच आला. २०० मेगापिक्सेलवाला घेतला तर फरक पडेल का? (महाद्वार रोड)

रंगाचा मेगापिक्सेलशी संबंध नाही. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा १६ ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ५० चा ४ ठिपके जोडून तेवढाच देतो. दोघांत खरा फरक सेन्सरच्या आकाराचा: १/१.४ इंच हा १/२ इंचापेक्षा मोठा असतो, भागाकार करून बघा. आणि ज्या फोनमध्ये ‘तीन कॅमेरे’ म्हणताना एक २ मेगापिक्सेलचा मॅक्रो असतो, तिथे तो कॅमेरा नाहीच असं समजा.

तुमचं चामडं लाल होतंय ते बहुधा दोन गोष्टींनी. एक, कॅमेऱ्यातलं ‘एआय’ किंवा सीन ओळखून रंग वाढवणारं बटण. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेला नैसर्गिक तपकिरी रंग त्याला फिका वाटतो आणि ते तो ‘सुधारतं’. ते बंद करा. दोन, दुकानातला पिवळा एलईडी. चप्पल दाराजवळ, उन्हात नव्हे, सावलीत ठेवा, फ्रेमच्या कडेला पांढरा कोरा कागद ठेवा आणि प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स तो कागद पांढरा दिसेपर्यंत फिरवून तिथेच कायम करा. नंतर कागद कापून टाका. एवढ्याने निम्मी तक्रार जाईल, नवा फोन न घेता.

तरी घ्यायचाच असेल तर दुकानात एक जोड सोबत न्या. लाजू नका. जे दोन-तीन फोन बघत असाल त्या प्रत्येकावर तोच जोड, तीच जागा, एक फोटो दुकानाच्या दिव्यात आणि एक दारात. मग ते सगळे फोटो स्वतःला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवले तर ते आवळून छोटे होतात, तुलनेला अर्थ राहत नाही. घरी एकाच स्क्रीनवर, जोड शेजारी ठेवून बघा. दुकानात ज्याच्या त्याच्या स्क्रीनवर बघाल तर कॅमेरा नाही, स्क्रीन निवडली जाईल. नव्या फोनांची स्क्रीन ‘व्हिव्हिड’वर लावून ठेवलेली असते, ती ‘नॅचरल’ करा.

तुमच्यासाठी २ किंवा ३ पट लेन्स मात्र कामाची आहे. साध्या १ पट कॅमेऱ्याने जवळून काढलं की पुढचा अंगठा फुगतो आणि टाच बारीक होते, पायाला बसेल की नाही असं वाटतं. चार-पाच फूट मागे सरका, २ किंवा ३ पट करा, जोडाचा आकार खरा येतो. चपलेच्या कानावरची वेणी टिपायलाही हेच बरं.

प्र. जोतिबाच्या यात्रेत गुलाल आणि घाटावर पाणी, दोन्हींत फोन टिकावा. आयपी६९ म्हणजे ६८ पेक्षा भारी ना? (कसबा बावडा)

भारी नाही, वेगळं. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ६८ म्हणजे कंपनी सांगेल तेवढ्या खोलीला: सॅमसंगच्या वरच्या फोनांत दीड मीटर, ॲपलच्या आयफोन १२ पासूनच्या बहुतेक फोनांत ६ मीटर, दोन्ही ३० मिनिटं. ६९ म्हणजे जोराच्या गरम पाण्याच्या फवाऱ्याला टिकणं. त्यात बुडवण्याची चाचणी आपोआप येत नाही, म्हणून ‘६८ आणि ६९’ दोन्ही लिहिलेलं बघा. आयपी६४ ला शिंतोडे चालतात, बुडी नाही. आणि सगळ्या चाचण्या नव्या फोनवर, स्वच्छ पाण्याने होतात. फोन एकदा पडून कडेला चेपला किंवा उघडला गेला की त्या आकड्यावर भरवसा नको. पाणी गेलेला फोन वॉरंटीत बसत नाही. आतली पांढरी पट्टी लाल झालेली केंद्रवाले पहिली बघतात.

गुलाल कोरडा असतानाच ब्रशने झाडा. ओला झाला की जाळीत त्याचा लगदा बसतो. ओला फोन चार्जिंगला लावू नका, पोर्ट खाली करून पंख्यासमोर काही तास ठेवा. तांदळाच्या डब्यात तर नकोच, त्याचं पीठ पोर्टमध्ये जातं.

प्र. बीजीएमआय गेमसाठी कुठला? अंतुतू स्कोअर कुणाचा जास्त तेच बघून घेऊ काय सर? (शिवाजी विद्यापीठ परिसर)

अंतुतू ही फोनचा वेग मोजणारी चाचणी. तिचा स्कोअर थंड फोनवरच्या पाच-दहा मिनिटांचा असतो. तुम्ही तासभर खेळता. मित्राच्या फोनवर सलग २५ मिनिटं खेळून शेवटच्या पाच मिनिटांत फ्रेम अडखळतात का ते बघा, आणि गेमच्या सेटिंगमध्ये त्या मॉडेलला ९० किंवा १२० एफपीएस (सेकंदाला तेवढ्या फ्रेम) उघडतं का तेही. कितीतरी फोनांत स्क्रीन १२० हर्ट्झची असते आणि गेम ६० वरच अडतो. ‘८ + ८ जीबी रॅम’मधले दुसरे ८ म्हणजे स्टोरेजची उसनवारी आहे, त्याचे पैसे मोजू नका भावा.

प्र. गुजरीत पेढी आहे, जीएसटी नोंदणी आहे. फोन पेढीच्या नावावर घेतला तर फायदा? (गुजरी)

फोनवर १८ टक्के जीएसटी आहे, २०२० पासून तोच, आणि सप्टेंबर २०२५ च्या दरबदलातही तो हलला नाही. ४७,२०० चा फोन म्हणजे ४०,००० मूळ आणि ७,२०० कर. धंद्याच्या कामाचा असेल आणि बिलावर पेढीचं नाव, जीएसटी क्रमांक असेल तर ७,२०० चं क्रेडिट मिळतं. मात्र मग घसारा ४०,००० वरच धरायचा, ४७,२०० वर नाही. क्रमांक बिल बनण्याआधी सांगा, नंतर बदलायला दुकानं कुरकुरतात. दुकानातला भाव आणि ऑनलाइनचा भाव दोन-अडीच हजारांनी वेगळा असेल, तर ऑनलाइन विक्रेता जीएसटी बिल देतो का, हे पाहूनच तुलना करा.

‘नो कॉस्ट’ हप्त्याबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. त्यात व्याज असतंच, ते दुकान सूट म्हणून वजा करून दाखवतं. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र तुमच्याच खात्यातून जाते, आणि रोख घेतल्यावर मिळणारी सूट बहुधा हातची जाते. दोन्ही रकमा कागदावर मांडून मग सही करा.

प्र. जुना फोन एक्सचेंजमध्ये देताना काय काळजी घ्यावी? (जयसिंगपूर)

नवा फोन पूर्ण चालू होऊन दोन दिवस झाल्याशिवाय जुना देऊ नका. दुकानदार घाई करेल. पण यूपीआय नव्या फोनवर नोंदवल्यावर बऱ्याच बँका पहिले २४ तास ५,००० रुपयांच्या पुढे जाऊ देत नाहीत. बाजारच्या दिवशी अडून बसाल. व्हॉट्सॲपचा बॅकअप नव्या फोनवर उतरला आहे याची खात्री करा, बँकेची ॲप नव्यावर सुरू करा, ई-सिम असेल तर ते आधी हलवा. मग जुन्यातून गुगल किंवा ॲपल खातं काढा आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट. खातं तसंच ठेवून रीसेट केलं तर फोन पुढच्या माणसासाठी कुलूपबंद राहतो आणि दुकान पैसे कापतं.

भाव ठरण्याआधी स्क्रीन पांढऱ्या चित्रावर पूर्ण उजेडात बघा. अमोलेड स्क्रीनवर कीबोर्डची सावली किंवा उभी हिरवी रेघ असेल तर किंमत जवळजवळ निम्मी होते. पाठीचा तडाही मोजतात. कव्हर काढून, पुसून, ५० टक्क्यांच्या वर चार्ज करून न्या. बिल आणि खोकं असेल तर थोडे जास्त मिळतात.

कुणाचा वापरलेला फोन तुम्ही घेत असाल तर *#०६# दाबून पंधरा अंकी आयएमईआय बघा आणि के, वाय, एम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ ला पाठवा. संचार साथी पोर्टलवरही तेच कळतं. क्रमांक काळ्या यादीत असेल तर तो फोन कितीही स्वस्त असला तरी त्यात सिम चालणार नाही. ड्युअल सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, दोन्ही तपासा. जुना फोन देताना मात्र दुकानाकडून मॉडेल, आयएमईआय आणि तारीख लिहिलेली पावती घ्या आणि तिचा फोटो नव्या फोनमध्ये ठेवा.